जरा पुढं बघून येतो

कर्नाटकाच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या बाजारपेठेत कापडाच्या दुकानात शिरायचे, तासभर बसायचे, दुकानदाराचा चहा प्यायचा आणि काहीही न घेता मानाने बाहेर पडायचे, ही शिकून घ्यावी लागणारी कला आहे. गादीवरच्या नोकराने तीस-चाळीस साड्या उलगडलेल्या असतात. काठ बघून झालेले असतात, पदर खांद्यावर टाकून झालेला असतो, दोन साड्या रंग बघायला दारापर्यंत उजेडात जाऊन आलेल्या असतात. मग घरातली मोठी बाई उठते, पिशवी सावरते आणि म्हणते, "जरा पुढं बघून येतो." (या भागात बायकाही 'येतो'च म्हणतात, पुण्याच्या पाहुण्यांनी दचकू नये.) ही आता येणार नाही हे दुकानदाराला कळते. त्याला कळले आहे हे तिलाही कळते. तरी तो म्हणतो, "या की वो, सावकाश या." नोकर निमूटपणे घड्या घालायला बसतो आणि दिवाळीला ती बाई खरोखरच त्याच दुकानाची पायरी चढते.

मोबाइलवरच्या दुकानांत 'जरा पुढं बघून येतो' हे बटण नसते. तिथे 'हो, मला पाहिजे' हे हिरवेगार, अंगठा आपोआप पडेल एवढे बटण असते आणि त्याच्याखाली पुसट करड्या अक्षरांत 'नको, मला पैसे वाचवण्यात रस नाही' अशा धर्तीचे काहीतरी. म्हणजे नको म्हणायचे तर आधी स्वतःच्या मूर्खपणाची कबुली द्यायची. बाजारपेठेतल्या एखाद्या दुकानदाराने गिऱ्हाइकाला "साडी नको? मग बायकोवर माझा जीव नाही असं लिहून द्या आणि जावा" असे सुनावले असते, तर संध्याकाळपर्यंत त्याच्या दुकानापुढे पंचायत बसली असती. मोबाइलपुढे पंचायत बसत नाही. माणूस एकटाच असतो, त्याचा चष्मा दुसऱ्या खोलीत असतो आणि कुकरची तिसरी शिट्टी झालेली असते.

या कारागिरीला २०१० मध्ये इंग्लंडच्या हॅरी ब्रिग्नल यांनी 'डार्क पॅटर्न' असे नाव दिले. वापरणाऱ्याला न कळत, किंवा कळूनही कंटाळून, त्याला नको ते करायला लावणारी पडद्याची मांडणी. आपल्याकडे ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने याविषयी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली आणि त्यात असे तेरा प्रकार मोजले. सरकारी अधिसूचना सहसा झोप यावी म्हणून वाचतात, ही मात्र अपवाद आहे. विमानाचे तिकीट काढताना विमा नको म्हणणाऱ्याला 'मी असुरक्षितच राहीन' असे बटण दाबायला लावणे, देणगी नाकारणाऱ्याच्या तोंडी 'दानधर्म श्रीमंतांचा, मला काय त्याचे' अशा अर्थाचे वाक्य घालणे, ही उदाहरणे त्या सरकारी कागदातच आहेत. ज्या बाबूने ही वाक्ये टिपली, त्याला घरी पाठवण्यापूर्वी एखाद्या दिवाळी अंकाने गाठायला हवे होते.

तेरा प्रकारांतला सगळ्यात गरीब दिसणारा प्रकार म्हणजे टोपलीत गुपचूप काहीतरी टाकणे. सिनेमाची तिकिटे विकणाऱ्या बुकमायशोवर तिकिटामागे एक रुपया धर्मादाय उपक्रमासाठी आपोआप जोडला जात असे. तो नको असेल तर शोधून काढून टाकायचा. प्राधिकरणाने हटकल्यावर, ग्राहकाने स्वतः निवडले तरच रुपया घ्यायचा, असा बदल झाला. एका रुपयासाठी भांडतो कोण, हाच तर या धंद्याचा पाया आहे. पण खानापूरच्या माणसाने एका रुपयासाठी भांडण्याचे शिक्षण एस.टी.त घेतलेले असते. सुटे नाहीत म्हणून कंडक्टर तिकिटाच्या पाठीवर उरलेली रक्कम लिहून देतो, आणि बेळगाव येईपर्यंत तो प्रवासी खिडकीबाहेरची शेते बघत नाही, कंडक्टरची पाठ बघतो. उतरताना तिकीट पुढे केले की पैसे मिळतात. मागायचे कोणाकडे हे ठाऊक असते आणि हातात लेखी पुरावाही असतो. फोनमधल्या एका रुपयाला कंडक्टर नाही.

'डार्क पॅटर्न' हे नाव जन्माला येत होते त्याच सुमारास खानापूर तालुक्याला त्याचा पुरेपूर अनुभव येत होता. त्यासाठी स्मार्टफोनही लागला नाही. बटणांचा, टॉर्चवाला, शेतात चिखलात पडला तरी चालणारा फोन पुरला. तो काळ कॉलर ट्यूनचा. कोणाला फोन लावला की गाणे वाजायच्या आधी एक गोड आवाज सांगायचा, ही ट्यून हवी असेल तर अमुक बटण दाबा. कोणी हौसेने दाबायचे. कोणी तो आवाज बंद व्हावा म्हणून दाबायचे. कोणाच्या सदऱ्याच्या खिशात फोन स्वतःच स्वतःला दाबायचा. कधी पडद्यावर अचानक इंग्रजीत चौकट उगवायची आणि तिच्याखाली 'ओके'. चौकट घालवायचा दुसरा मार्ग ठाऊक नसल्याने माणूस ओके म्हणायचा, आणि त्या क्षणापासून तो रोजच्या राशिभविष्याचा, क्रिकेटच्या धावांचा किंवा विनोदांचा वर्गणीदार व्हायचा. विनोद इंग्रजीत यायचे. महिन्याला तीसेक रुपये मराठीत जायचे.

कॉलर ट्यून ही वस्तू व्यापाराच्या इतिहासात बहुधा एकमेव असावी. जो पैसे भरतो त्याला ती कधीच ऐकू येत नाही. गळ्यात तुळशीची माळ, वर्षातून एकदा पंढरीची वारी, अशा आजोबांच्या फोनवर महिनोन्महिने पावसात भिजणाऱ्या नायिकेचे गाणे वाजत असायचे आणि गावात आजोबा सोडून सगळ्यांना ते पाठ व्हायचे. नंदगडचे पाहुणे कोणी गेल्याचा निरोप द्यायला फोन लावायचे आणि रडवेला आवाज तयार ठेवून ढोलकीचा ठेका ऐकत थांबायचे. सांगावे तरी कसे? "मामा, तुमच्या फोनावर गाणं लागतंय" एवढेच कोणी म्हणायचे. मामा फोन कानाला लावून बघायचे आणि म्हणायचे, "कुठं रे? मला तर कायबी ऐकू येईना."

शिव्या मात्र कंपनीला बसल्या नाहीत, त्या बसल्या रिचार्जवाल्याला. "पन्नासचं मारलं, खरं वीसच दाखवूलालंय की!" असे म्हणत गिऱ्हाईक काउंटरवर फोन आपटायचे. रिचार्जवाला वीस-बावीस वर्षांचा पोरगा. त्याला कमिशन मिळायचे पैशांत आणि शिव्या मिळायच्या रुपयांत. शेवटी २०१३ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने दंडक घातला, की अशी कुठलीही सेवा सुरू करण्याआधी ग्राहकाची दोनदा खात्री करून घ्यायची. बंद करण्यासाठी १५५२२३ हा सगळ्या कंपन्यांना सामाईक क्रमांकही होता. तो क्रमांक पाठ असलेला माणूस तेव्हा गल्लीत वैद्याइतका महत्त्वाचा होता.

पुढे मामला रुपयांवरून खात्यांवर गेला. २०१७ मध्ये एअरटेलने सिम कार्डाची आधार पडताळणी करून घेताना त्याच पडताळणीवर अनेकांची एअरटेल पेमेंट्स बँकेत खाती उघडल्याचे उघड झाले. खातेदारांना पत्ताच नव्हता. गॅसची सबसिडी जिथे आधार शेवटचे जोडलेले असेल तिथे जात असे, त्यामुळे ती न सांगता दुसऱ्या घरी नांदायला गेली. बायका जुन्या बँकेत पासबुक भरून घ्यायला जायच्या आणि रिकाम्या ओळी घेऊन परतायच्या. आधार प्राधिकरणाने डिसेंबरमध्ये कंपनीची ई-पडताळणी थांबवली, सुमारे १९० कोटी रुपये मूळ खात्यांकडे परत वळवावे लागले आणि मार्च २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने पेमेंट्स बँकेला पाच कोटींचा दंड केला. संमती घेतली नव्हती असे कोणी म्हणू शकत नव्हते, कारण अंगठा तर टेकवला होता. तो कशासाठी टेकवतो आहोत, एवढीच क्षुल्लक बाब राहून गेली होती.

आता प्रश्न असा, की हे करते कोण? खानापूरला या प्रश्नाचे उत्तर कधीकधी गणपतीला घरी येते. बेळगावात विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय आहे आणि शहरात इंजिनिअरिंगची कॉलेजे आहेत. तिथून बाहेर पडलेली पोरे बंगळूर-पुण्याच्या कंपन्यांत असे पडदे आखायला बसतात. चतुर्थीला त्यातला एखादा गावी येतो, आई फोन पुढे करते आणि म्हणते, "हे बघ रे, बंद करायला गेलं की दुसरंच उघडतंय. कोण असलं करतंय की!" पोरगा फोन हातात घेतो, तीन ठिकाणी बोट लावून ते बंद करतो, आणि मोदकाचे ताट जवळ ओढतो. कोण करतंय याचे उत्तर तो देत नाही.

देणार तरी काय? त्याच्या कचेरीत कोणी 'आज म्हाताऱ्या बायकांना फसवू या' असे म्हणत नाही. तिथे एकाच पडद्याच्या दोन आवृत्त्या केल्या जातात. अर्ध्या लोकांना पहिली दाखवतात, अर्ध्यांना दुसरी. जिच्यावर 'हो' जास्त पडले ती राहते, दुसरी जाते. मग उरलेलीच्या पुन्हा दोन. असे शंभर वेळा झाले की नको म्हणायचे बटण आपोआप लहान होत जाते, करडे होते, कोपऱ्यात सरकते. ते कोणीच सरकवलेले नसते. आकड्याने सरकवलेले असते. खरी मेख इथे आहे. पाहिजे म्हणून 'हो' म्हणणारा, न वाचता 'हो' म्हणणारा आणि वैतागून 'हो' म्हणणारा, असे तिघेही त्या तक्त्यात एकाच रकान्यात बसतात आणि तिघांची बेरीज तिमाहीच्या शेवटी टाळ्या मिळवते. आईचा वैतागही त्या बेरजेत असतो. पोराच्या पगारवाढीला तिने असा हातभार लावलेला असतो, फक्त तिला कळवलेले नसते.

साडीच्या दुकानदारालाही जास्त साड्या खपवायच्या असतात, तो काही संत नव्हे. 'हा शेवटचा पीस आहे' हे तोही म्हणतो. पण ऐकणारी बाई ते वाक्य जेवढ्या किमतीला घ्यायचे तेवढ्यालाच घेते, आणि मागच्या कपाटात तसले आणखी चार आहेत हे तिला दिसत असते. पडद्यावर 'फक्त २ नग शिल्लक' असे लाल अक्षरांत येते तेव्हा मागचे कपाट दिसत नाही. शेजारी घड्याळ उलटे पळत असते, सवलत संपायला नऊ मिनिटे. पान बंद करून पुन्हा उघडले की घड्याळालाही विश्रांती मिळून पुन्हा दहा मिनिटे झालेली असतात. घाई म्हणजे काय हे खानापूर तालुक्याला कोणी शिकवू नये. इथल्या गावांत ग्रामदेवता लक्ष्मीची यात्रा कितीतरी वर्षांनी एकदा भरते. ती चुकली तर पुढच्या यात्रेपर्यंत कोण असेल कोण नसेल, म्हणून मुंबईत गिरणी-गोदीत गेलेल्यांची नातवंडेही रजा काढून येतात, घरे रंगवली जातात, कर्जे निघतात. खरी घाई अशी असते. तिला घड्याळ लावावे लागत नाही.

पाच मिनिटांची एक गोष्ट तर राजधानीतूनच आली. बंगळूरच्या रॅपिडोने '५ मिनिटांत रिक्षा, नाहीतर ५० रुपये' अशी जाहिरात सव्वाशेच्या आसपास शहरांत, तिथल्या तिथल्या भाषांत केली. रिक्षा आली नाही तर मिळायचे ते रुपये नव्हते. ती होती ५० पर्यंतची रॅपिडो नाणी, तीही सात दिवसांत संपणारी आणि फक्त त्यांच्याच दुचाकी सवारीवर चालणारी. अटी छापल्या होत्या, पण वाचायला भिंग लागावे अशा अक्षरांत. ऑगस्ट २०२५ मध्ये ग्राहक प्राधिकरणाने दहा लाखांचा दंड केला आणि ज्यांना पैसे मिळाले नाहीत त्यांना पूर्ण ५० रुपये द्यायला सांगितले. खानापूर स्टँडवरचा टमटमवाला याहून सरळ. कधी सुटणार असे विचारले की तो म्हणतो, "भरली की सुटू." भरली म्हणजे किती माणसे, हे मात्र विचारू नये.

आणि मग ते सुप्रसिद्ध 'नंतर'. अॅप उघडले की विचारते, सूचना पाठवू का? उत्तरे दोन: 'हो' आणि 'नंतर'. ठिकाण सांगता का? 'हो' आणि 'नंतर'. नवी आवृत्ती, नवी योजना, मित्रांना बोलावणे, पाच तारे देणे, सगळ्याला 'हो' आणि 'नंतर'. 'कधीच नको' हे उत्तर छापायला त्यांच्याकडे खिळेच नसावेत. मार्गदर्शक तत्त्वांत याला सतत पिच्छा पुरवणे म्हणून वेगळे स्थान आहे. सीमाभागातल्या माणसाला या बटणाचे विशेष वाटत नाही. तो १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून 'नंतर' दाबलेल्या पडद्यासमोर बसला आहे. सीमाप्रश्नावरचा महाजन आयोग १९६७ मध्ये येऊन गेला, सर्वोच्च न्यायालयात महाराष्ट्राचा दावा २००४ पासून आहे, आणि दर निवडणुकीला एक सूचना उगवते: आठवण करून द्यायची का?

बाहेर पडण्याच्या वाटेबद्दल सगळ्यात बोलका पुरावा अमेरिकेत सापडला. अमेझॉनच्या प्राइम वर्गणीत शिरायला एक-दोन क्लिक पुरत. ती रद्द करण्याची वाट, तिथल्या व्यापार आयोगाच्या तक्रारीनुसार, चार पाने, सहा क्लिक आणि पंधरा पर्यायांची होती. कंपनीच्या आतले लोक त्या वाटेला 'इलियड' म्हणत. होमरचे, ट्रॉयच्या दहा वर्षांच्या लढाईचे महाकाव्य. निदान माणसे वाचलेली होती, एवढे समाधान. २०२३ मध्ये आयोगाने दावा लावला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने अडीच अब्ज डॉलरवर तडजोड केली, त्यातले दीड अब्ज ग्राहकांना परत करण्यासाठी. आपल्याकडे याबाबतीत रिझर्व्ह बँकेने बरे केले. ऑक्टोबर २०२१ पासून वर्गणीचे पैसे आपोआप कापायच्या किमान चोवीस तास आधी ग्राहकाला कळवावे लागते. 'उद्या तुमच्या खात्यातून अमुक रक्कम जाईल' हा मेसेज आला की घरातली ज्येष्ठ मंडळी घाबरून तोच मेसेज फसवणुकीचा समजतात आणि खोडून टाकतात. तो एकच मेसेज राखणदाराचा असतो.

भाषेच्या बाबतीत खानापूरकर आणखी एका कसोटीतून जातो. घरात मराठी, कचेरीत कन्नड, दूरदर्शनमुळे हिंदी, चोर्ला घाटापलीकडच्या सोयरिकींमुळे थोडी कोकणी. अॅप त्याचे ठिकाण बघते आणि कन्नड किंवा इंग्रजी पुढे करते. कन्नड बोलायला त्याला अडचण नसते, पण अटी-शर्तींची कन्नड ही बाजारातली कन्नड नव्हे, जशी अटी-शर्तींची मराठी ही माणसांची मराठी नव्हे. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा इथे अनपेक्षितपणे सीमावासीयाच्या बाजूने उभा राहतो. माहिती वापरायची संमती मागताना ती विनंती इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या बावीसपैकी कोणत्याही भाषेत वाचायची सोय द्यावी लागेल, असे तो म्हणतो. कुठल्या राज्यात बसून, हे तो विचारत नाही. एवढे साधे वाक्य इथल्या कित्येक मोर्चांना मिळाले नव्हते. त्याच कायद्यात दुसरे कलम त्याहून मोलाचे आहे: संमती जितक्या सहज देता आली, तितक्याच सहज ती मागे घेता आली पाहिजे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आहेत आणि कंपन्यांना मुख्य तरतुदींसाठी अठरा महिन्यांची मुदत आहे. म्हणजे कायद्यानेही तूर्त 'नंतर' दाबले आहे.

शेवटच्या पानावर फुगणाऱ्या किमतीला कंटाळलेल्यांनी एकदा खानापूरहून बेळगावला जाणाऱ्या बसमध्ये बायकांच्या बाजूला बघावे. कर्नाटकाच्या शक्ती योजनेत जून २०२३ पासून राज्यातल्या बायकांना साध्या बसचा प्रवास फुकट आहे आणि कंडक्टर त्यांना शून्य रुपयांचे तिकीट फाडून देतो. शून्यावर सुविधा शुल्क नाही, हाताळणी शुल्क नाही, पावसाचे शुल्क नाही. आरंभी सांगितलेली किंमत आणि अखेरची किंमत तंतोतंत जुळते असा हा देशातला दुर्मीळ व्यवहार आहे. उलट घरबसल्या जेवण मागवणाऱ्या स्विगीने एप्रिल २०२३ मध्ये 'प्लॅटफॉर्म फी' म्हणून दोन रुपये सुरू केले आणि ऑगस्टमध्ये झोमॅटोही त्या वाटेने गेली. दोन्हीकडची फी पुढे दोन रुपयांवर राहिली नाही. बंगळूरहून सुट्टीला आलेली पोरे बिलाच्या तळाच्या या ओळींकडे बघतही नाहीत. त्यांची आई बघते. खानावळीत 'ताटाचे भाडे' वेगळे लावले असते तर काय झाले असते, याचा हिशेब ती मनात करते.

सध्याचे केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री प्रल्हाद जोशी हे शेजारच्या धारवाडचे खासदार. मे २०२५ मध्ये गाडी लवकर मिळावी म्हणून आधीच टिप मागणाऱ्या अॅपबद्दल त्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली आणि उबरला नोटीस गेली. ऑक्टोबरमध्ये घरी माल आल्यावर रोख पैसे देणाऱ्यांकडून जादा आकार घेणाऱ्यांची चौकशी सुरू झाल्याचे त्यांनी सांगितले. जूनमध्ये प्राधिकरणाने सगळ्या ई-व्यापार कंपन्यांना तीन महिन्यांत आपापल्या पडद्यांची तपासणी स्वतःच करून घ्यायला सांगितले होते. नोव्हेंबरमध्ये सव्वीस मोठ्या कंपन्यांनी 'आमच्याकडे डार्क पॅटर्न नाहीत' अशी घोषणापत्रे दिली. आपली उत्तरपत्रिका आपणच तपासायची सोय मिळाली असती तर खानापूर तालुक्याचा दहावीचा निकाल दरवर्षी शंभर टक्के लागला असता, आणि गुरुजींना पेढे वाटायलाही उसंत मिळाली नसती.

घोषणापत्रावर विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवण्याची कसोटी साडीच्या दुकानदाराकडूनच घेता येईल. 'हो' आणि 'नको' ही दोन्ही बटणे एकाच मापाची आहेत का? शिरायला जेवढी बोटे लागली तेवढीच बाहेर पडायला लागतात का? पहिल्या पानावरची किंमत शेवटच्या पानावर तीच राहिली का? यातल्या एकाचे उत्तर जरी नाही असेल, तर त्या पडद्याला प्रामाणिक म्हणता येत नाही, मग त्या कंपनीने दिवाळीला कितीही भावुक जाहिरात केलेली असो. आणि 'ग्राहक प्रथम' असे भिंतीवर रंगवलेल्या कचेऱ्यांत ही तीन मापे तपासायला इंजिनिअर लागत नाही, त्यांच्यापैकी कोणाचीही आई एक दिवस बोलावली तरी पुरते.

पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली तेव्हा भेसळीचे तेल आणि हलकी वजने हे भांडणाचे विषय होते. पुरावा म्हणून बाटली नेता यायची, वजन नेता यायचे. पडद्यावरचा पुरावा दुसऱ्या क्षणी बदलतो, म्हणून तो तिथेच पकडावा लागतो. कापलेली रक्कम, न मागता जोडलेली वस्तू, न सापडणारे 'रद्द' बटण, जे दिसेल त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि तारीख-वेळ त्यात येते आहे ना ते बघा. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन लावा. सकाळी आठ ते रात्री आठ ती चालू असते, फोनला पैसे पडत नाहीत, आणि ज्या सतरा भाषांत तिथे तक्रार सांगता येते त्यांत कन्नडही आहे आणि मराठीही आहे.